साडूभाऊ, माईक आणि फिटच्या गोळ्या

माझ्या थोरल्या साडूंचं भर मांडवात हसं केलं ते मीच, हे आधी कबूल करतो. लातूरपासून नांदेडपर्यंत त्यांच्याइतका बोलणारा माणूस झाला नाही. झोपेतही ते उपस्थितांचे आभार मानतात, असं त्यांची बायकोच सांगायची. लातूरला त्यांचं कापडदुकान. गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर पडलं तरी यांचं प्रास्ताविक चालूच. पण खरा जीव लग्नातल्या माईकवर. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी मान्यवरांची नावं पुकारून सत्कार करतात. नवरा-नवरी ताटकळले तरी चालतील, सोसायटीचे माजी व्हाइस चेअरमन सुटता कामा नयेत. एक नाव राहिलं की अख्खी भावकी न जेवता उठते. साडूभाऊ सगळी नावं कागदाशिवाय घेत आणि प्रत्येकाला एक विशेषण फुकट जोडत. त्यांनी 'दानशूर' ठरवलेल्यांपैकी कुणी मला साधा चहा पाजल्याचं आठवत नाही.

मग दुकानातच त्यांना फिट आली आणि गोळ्या सुरू झाल्या. फिट थांबली, पण शब्द ऐन वेळी दडी मारू लागले. पंख्याला ते "वरचं, गरगर" म्हणायचे. आमच्या सासूबाईंची ओळख एकदा बायकोकडे बोट करून "ही... हिच्या आधीची" अशी करून दिली, त्यांनी आठवडाभर अबोला धरला. गोळ्यांनी असं होतं, हे साडूभाऊंनी कुणाला सांगितलं नाही. मी धरून चालत होतो, हे थोडी पिऊन येतात.

लोह्याला एका लग्नात ते माईकवर अडले. "आता सत्कार... हे आपले... पांढरी टोपी, खताचं दुकान..." मी पुढे होऊन माईक काढून घेतला. "मंडळी, साडूभाऊंचा रिचार्ज संपलाय!" मांडव खदखदून हसला, टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्याही.

पुढे नांदेडला माझ्याच मुलीचं लग्न निघालं. "माईक तुमचाच," मी म्हणालो, "पण अडकू नका हां."

"न्हाई अडकत. बघाच तुमी."

हळदीच्या दिवशी ते पूर्वीसारखे घडाघडा बोलत होते आणि बोलता बोलताच कोसळले. डोक्याला टाके पडले. दवाखान्यात मेव्हणीबाई म्हणाल्या, "भाऊजी, शब्द सुचावेत म्हणून यांनी गोळ्याच सोडल्या हो. तुमच्या पोरीच्या लग्नात हसं व्हायला नको म्हणले." डॉक्टर म्हणाले, विचारलं असतं तर गोळी बदलून दिली असती.

मी खाटेशी बसलो. "साडूभाऊ, चुकलं माझं. मी टर उडवली, म्हणून तुम्ही जिवावर उदार झालात. नावं राहू द्या, लोकांना रुसू द्या. गोळ्या तेवढ्या सोडू नका."

"रुसू द्या काय म्हणून राहिलाव? उद्या ते येतेत... ते आपले... मिशावाले... पहिल्या रांगेत बसतेत..." ते माझ्याकडे बघत राहिले.

नाव माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं.

"आठवेल तेव्हा सांगा," मी म्हणालो. "मी बसलोय."