पक्का रंग

माझ्या दादाच्या मफलरचे पट्टे मुळात लाल आणि पांढरे होते. आता ते लाल आणि गुलाबी आहेत. लोकर विकणाऱ्याने आईला "रंग पक्का है, माताजी" असं सांगितलं होतं आणि पहिल्याच धुण्यापर्यंत आमचा त्यावर विश्वास होता. इंदूरमध्ये "मला माहीत नाही" असं कोणी म्हणत नाही. रस्ता विचारा, औषध विचारा, परराष्ट्र धोरण विचारा, उत्तर मिळतं आणि ते पक्कं असतं. बरोबर असेलच असं नाही.

हा मफलर इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबचा आहे. दादा इंग्लंडला कधी गेलेला नाही. फुटबॉलही तो शाळेत तेवढा खेळला, गोलकीपर म्हणून. आमच्या शाळेत ज्याला पळायचा कंटाळा त्याला गोलकीपर करत. क्लब त्याच्याकडे आला तो गिटारच्या वाटेने.

कॉलेजात असताना दादाला रॉक संगीताचं वेड लागलं. बडा गणपतीच्या मागच्या आमच्या गल्लीत सकाळी भूपाळी, दुपारी रेडिओवरची नाट्यगीतं आणि संध्याकाळी दादाचा एक इंग्रज गिटारिस्ट, असा दिवस सरायचा. शेजारच्या काकूंना वाटायचं, आमच्याकडे मिक्सर बिघडला आहे. या गिटारिस्टच्या एका कॅसेटच्या आत घडी घातलेला कागद होता आणि त्यावर त्याचा फोटो: लांब केस, चेहऱ्यावर जगाविषयी नाराजी आणि गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा मफलर. दादाला कळेना, हा मफलर कशाचा. मी तेव्हा लायब्ररीत पडून असायचे. मी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून शोधून काढलं की हा माणूस ज्या गावचा, त्या गावात फुटबॉलचे दोन क्लब आहेत. एकाचे पट्टे लाल-पांढरे, दुसऱ्याचे निळे-पांढरे. दोघांतून विस्तव जात नाही.

आता फक्त रंग कळायचा राहिला होता. फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता.

दादा तो घेऊन राजवाड्याजवळच्या कॅसेटवाल्याकडे गेला. मी बरोबर होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"भिया, ये पट्टे कौन से रंग के होंगे?"

दुकानदाराने फोटो उजेडात धरला, तिरका केला आणि म्हणाला, "लाल."

"पक्का?"

"अरे पक्का लाल, भिया. शकल से ही लाल दिख रिया है."

संपलं. आईने लोकर आणली, मफलर विणला, धुतला, गुलाबी केला. दादा त्या दिवसापासून लाल पट्टेवाल्यांचा झाला. पुढे त्याला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, निवृत्ती आली. क्लब वर गेला, खाली आला, बराच काळ खालीच राहिला. पूर्वी निकाल दोन दिवसांनी इंग्रजी पेपरात एका ओळीत यायचा, आता मोबाइलवर येतो. क्लब हरल्यावर दादा जेवत नाही असं नाही, पण भाजीला नावं ठेवतो.

रॉकवाले आणि फुटबॉल हा मला नेहमीच गमतीचा विषय वाटत आला आहे. या मंडळींचं सगळं संगीत म्हणजे कोणाचं ऐकणार नाही, घर सोडीन, गाव सोडीन, बापाच्या वाटेने जाणार नाही. मग पैसा येतो, समुद्रकाठी बंगला येतो, बोलण्याची ढबसुद्धा बदलते. आणि शनिवार आला की हाच बंडखोर, बापाने लहानपणी ज्या क्लबच्या मैदानात नेऊन बसवलं त्या क्लबसाठी नखं खात बसतो. बायका बदलतात, ड्रमर बदलतात, धर्म बदलतात. क्लब बदललेला मी अजून वाचलेला नाही.

आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना हे समजावून सांगायला नको. आमचे पूर्वज संस्थानच्या चाकरीला इथे आले आणि इथलेच झाले. पोह्यांबरोबर जिलबी खाऊ लागले, "मी येऊन राहिलो" म्हणू लागले. पण कुलदैवत कोकणात होतं ते तिथेच राहिलं. लग्न झालं की जोडपं तिथे जाऊन येतं, पाया पडतं, पुजाऱ्याचं बोलणं अर्धवट कळतं, आणि परत येऊन पुढची पिढी होईपर्यंत देवीचं नाव फक्त संकल्पात निघतं. तरी कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचं, आमची देवी अमुक. बंगलेवाल्या गिटारिस्टचं याहून वेगळं काय असतं?

हेच सगळं दादाला एकदा लोकांपुढे बोलायचं होतं. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात व्याख्यानमाला असते. विषय ठरलेले: आहार आणि मधुमेह, संतांचं व्यवस्थापनशास्त्र, असे. दादा दरवर्षी "रॉक संगीतकार आणि त्यांचे फुटबॉल क्लब" हा विषय सुचवायचा आणि अध्यक्ष दरवर्षी "विचार करूया" म्हणायचे. गेल्या वर्षी "निरोगी गुडघे" या विषयावरच्या वक्त्यांना ऐन वेळी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हावं लागलं आणि दादाचा नंबर लागला.

योग असा की दादाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न त्याच सुमारास ठरलं होतं. मुलगा कोल्हापूरचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. तारीख काढायला त्याचे आईवडील त्याच आठवड्यात येणार होते, म्हणजे व्याही पहिल्या रांगेत बसून व्याख्यान ऐकणार होते. कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. तिथे तालमींच्या टीमा आहेत आणि मॅचच्या दिवशी दोन पेठांमधले जावई सासुरवाडीला जात नाहीत, असं हा मुलगा सांगतो. दादाने भाषणाचा शेवट ठरवून ठेवला होता: पडद्यावर तो जुना फोटो, आपल्या गळ्यात मफलर, आणि वाक्य, "आमच्या दोघांचा क्लब एकच." त्याच्या आयुष्यात गिटारिस्टशी नातं म्हणता येईल असं तेवढंच होतं. दादाला स्वतःला गिटारचे चार सूर येतात, त्यातले दोन बरे लागतात.

एका रविवारी मुलगा पोहे खायला आला. दादाने त्याला फ्रेम केलेला फोटो दाखवला, मफलर दाखवला. मुलाने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मफलरकडे, आणि गप्प झाला. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलच्या विषयावर गप्प झाला तेव्हाच मला शंका आली.

मी त्याला मोटरसायकलपर्यंत सोडायला गेले.

"आत्या, एक बोलू काय?"

"बोल."

"बाबांचा क्लब चुकलाय."

"म्हणजे हरलाय?"

"न्हाई ओ. हरला तर काय, परत जिंकंल. चुकलाय."

त्याने मोबाइल काढला. गिटारिस्ट आता म्हातारा झाला होता, केस विरळ, जगाविषयीची नाराजी तशीच. मुलाखत नुकतीच झालेली होती आणि रंगीत होती. त्याच्या गळ्यात तोच मफलर होता, तो जुन्या फोटोतलाच आहे असं तो सांगत होता, आजोबांनी खांद्यावर बसवून मॅचला कसं नेलं तेही सांगत होता. पट्टे निळे होते.

एवढ्या वर्षांत दादाला हे कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. एक तर कलाकाराचं वाजवणं ऐकावं, बोलणं ऐकू नये, असं त्याचं तत्त्व आहे. आणि दुसरं, माणूस शोधतो ते माहीत नसलेलं. दादाला रंग पक्का माहीत होता.

"मी काय बोलणार नाही," मुलगा म्हणाला. "पण हॉलमधी कोणतरी फोन काढणारच, आत्या. आणि आमच्या पप्पांना शेवटी प्रश्न विचारायची लई सवय आहे."

भाची म्हणाली, सांगू नकोस, भाषण होऊन जाऊ दे. मला ते पटलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवते. भर सभेत अध्यक्षांसमोर कळण्यापेक्षा स्वयंपाकघरात बहिणीकडून कळलेलं बरं, एवढं मला त्या विषयाने शिकवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून मी सरळ म्हटलं, "दादा, पट्टे निळे आहेत."

"कोणाचे?"

"तुझ्या गिटारिस्टचे."

त्याने मोबाइल हात लांब करून धरला आणि मुलाखत शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "आवाज बसला याचा."

त्याने खुंटीवरचा मफलर काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. कपाट बंद करून म्हणाला, "मंडळाला कळवून दे. दुसरा कोणी बघा म्हणा. गुडघेवाले आले असतील घरी."

"मी नाही कळवणार. तुझा विषय, तू फोन कर."

त्याने फोन केला नाही, पण भाषणाच्या कागदांनाही हात लावला नाही. भाचीने माझ्याशी बोलणं कमी केलं. घरात लालचा विषय निघेना आणि निळ्याचाही. दादा एकदाच म्हणाला, तेही डाळीला फोडणी घालता घालता: "इतकी वर्षं मी फालतू कोणाच्या तरी वरातीत नाचून राहिलो, यार." वहिनी म्हणाली, "नाचलास ना? मग झालं." त्याला ते पुरलं नाही.

शनिवारी लाल पट्टेवाल्यांची मॅच होती. आपल्याकडे ती संध्याकाळी असते आणि त्या वेळी दादा कुठेही असो, मोबाइल त्याच्या हातात असतो. त्या दिवशी तो व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होता. कुंड्या भरून वाहू लागल्या तरी घालत होता. मग पाइप खाली टाकून त्याने होणाऱ्या जावयाला फोन लावला. दादा नेहमी स्पीकरवर बोलतो, त्यामुळे आमच्या गल्लीत त्याचं काही खासगी नसतं.

"किती झाले रे?"

पलीकडून मुलाने विचारलं, "कुणाचं विचारताय बाबा? लालचं का निळ्याचं?"

मुलगा हुशार आहे हे मला तेव्हा कळलं. मी पोळपाटावरून हात न उचलता ऐकत राहिले.

"आपलं," दादा म्हणाला.

"आपलं होय? एक-शून्यनं हरतोय."

"हं. मला मालूमच होतं. त्या डावीकडच्या पोराला खेळवायला नको म्हणून मी गेल्या महिन्यापासून सांगून राहिलो." आणि तो आत येऊन कपाट उघडू लागला.

व्याख्यानाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. कार्यक्रमानंतर पोहे होते, हेही त्याचं एक कारण. निवेदिकेने "खडक संगीताचे गाढे अभ्यासक" अशी ओळख करून दिली. अध्यक्षांनी पाश्चात्य संस्कृतीचे फायदे आणि तोटे सांगितले, तोटे सविस्तर. मग दादाला शाल आणि श्रीफळ. भाद्रपदाच्या उकाड्यात दादा लोकरीच्या मफलरवर शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभा राहिला, तेव्हा तो खरोखरच एखाद्या मोठ्या कलाकारासारखा दमलेला दिसत होता.

बोलला मात्र चांगला. बंड करणारे आणि बापाचा क्लब न सोडणारे, कुलदैवत, सगळं आलं. माझी दोन वाक्यंही आली, माझा उल्लेख न होता. शेवटी त्याने पडद्यावर आधी जुना फोटो लावला आणि मग रंगीत. दुकानदाराची गोष्ट सांगितली. "दिख रिया है"ला हॉल हसला, कारण प्रत्येकाने कधी ना कधी असाच रस्ता विचारलेला होता.

"म्हणजे त्याचा क्लब निळा," दादा म्हणाला, "आणि माझा लाल. माणूस गिटार उत्तम वाजवतो. फुटबॉलमधलं त्याला काही कळत नाही."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष आभार मानायला उठणार तोच पहिल्या रांगेतून व्याह्यांनी हात वर केला. भाची खाली बघू लागली.

"आमच्यात टीम निवडत न्हाईत," व्याही उभे राहून म्हणाले. "जी पेठ, ती टीम. प्रश्नच न्हाई. तुमची तर चुकूनच लागली म्हणायची. मग कळल्यावर बदलावंसं वाटलं न्हाई?"

"वाटलं ना," दादा म्हणाला. "शनिवारपर्यंत वाटलं."

"मग?"

"मग मॅच होती."

व्याही मान हलवून खाली बसले. आणखी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि त्यांच्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी तारीख काढायला गुरुजी आले. त्यांनी पंचांग पाहून उत्तम मुहूर्त सांगितला, शनिवार संध्याकाळचा, गोरज. दादा आणि व्याही एकाच वेळी म्हणाले, "शनिवार नको." गुरुजींनी दोघांकडे पाहिलं, पान उलटलं आणि अदबीने विचारलं, "आपल्याकडे शनिवारी काही पाळतात का?"

"पाळतात," मी म्हटलं.