बाकावरची हलगी

"काय रे, बापासारखी हलगी वाजवतोस का?"

शहाऐंशीचा हिवाळा, अमेरिकेत ॲन आर्बरमधला फ्रेंचचा वर्ग. पीएचडीसाठी परदेशी भाषेची तोंडी परीक्षा पास करावी लागे. नाही तर घरी परत. मॅडम क्रियापदाची रूपं तोडून म्हणायला लावायच्या, प्रत्येक तुकड्याला बाकावर बोटांचा एक ठोका. मी ‘नू फि-नि-सों’, म्हणजे ‘आम्ही संपवतो’, म्हणत ठोके दिले, जरा जोरात. तेव्हा शेजारी बसलेला श्रीधर ते हलगीचं बोलला. पुण्याचा, माझा रूममेट.

मॅडमनी विचारलं, काय म्हणाला? त्यानं हसत सांगितलं, "हिज फादर बीट्स ड्रम्स. ॲट फ्युनरल्स. इट्स देअर कास्ट."

"हाउ इंटरेस्टिंग," मॅडम म्हणाल्या.

माझे कान तापले. वडिलांचं मीच त्याला सांगितलं होतं, भात शिजत असताना, आपला माणूस समजून.

खरं सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. त्यानं शाळेतच फ्रेंच घेतलेलं, मार्क पडतात म्हणून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. लिहिलंय ते सगळं मोठ्यानं वाचायचं, एवढंच शिकलेलो. न बोलायची शेवटची अक्षरंही बोलायचो. त्याचा घशातला ‘र’ ऐकला की वाटायचं, ही जीभ उपटावी आणि आपल्या तोंडात बसवावी. त्या दिवशी मॅडम त्याच्याकडे बघून हसल्या, तर त्यावरही जळलो. अपमान माझा, आणि हेवाही मीच करत होतो.

मग हात खिशात. ठोके गेले, तशी रूपंही गडबडली.

शुक्रवारी मराठी पोरं आमच्याकडे जेवायला. श्रीधर आमटी वाढत एकाला म्हणाला, "काकांची तब्येत कशी आहे आता?" दुसऱ्याला, "काका रिटायर झाले का रे?" इथं प्रत्येकाचे वडील काका. माझा तेवढा बाप.

मी ताट खाली ठेवलं. "माझे वडीलही तुझे काका. म्हण."

"यार, जोक होता तो."

"म्हण."

तो म्हणाला नाही. बाकीचे भात कालवत राहिले.

सोमवारी मॅडमनी माझं नाव घेतलं. मी हात खिशातून काढले आणि बाक दोन्ही हातांनी वाजवला. नू फि-नि-सों. एकेक तुकडा सुटा, ठणठणीत. श्रीधर खाली बघत होता.

"माय फादर्स वे," मी मॅडमना सांगितलं.

तिथंच ठरवलं. परीक्षेलाही असाच वाजवणार, पास करोत नाही तर नापास. त्याची जीभ मला नको. ज्या तोंडातून माझ्या वडिलांसाठी ‘काका’ निघत नाही, त्या तोंडाचा हेवा मी करणार नाही.