घरमालकीणबाईंची वैरीण

हॅनोव्हरला आमच्या घरमालकीणबाईंचं एका राणीशी वैर होतं. राणी चारशे वर्षांपूर्वीची, इटलीहून फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेली. तिच्या काळात तिथे प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. बाईंचे पूर्वज त्यांच्यातलेच, पुढे जीव वाचवून जर्मनीत आलेले. त्यामुळे बाई तिचा असा उद्धार करायच्या, जणू ती कालच जिना उतरून गेली होती. माझे यजमान डॉक्टरेटसाठी दिवसभर प्रयोगशाळेत असत आणि मी बाईंच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता जर्मन शिकत असे. बाजारात कोबी मागता येण्याआधी मला ‘विष’ आणि ‘खून’ हे शब्द येत होते.

एकदा मी सहज विचारलं, राणीला मुलं किती?

“दहा. पण लग्नानंतर कितीतरी वर्षं एकही नाही. हिला परत पाठवा, असं दरबारात सगळे म्हणत होते. मी म्हणते, तेव्हाच पाठवायला हवी होती!”

माझा हात थांबला. आमच्या लग्नालाही सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यापुढचे बटाटे ओढून घेतले आणि स्वतःच सोलत बसल्या. मला त्यांची फार माया वाटली.

वसंतात यजमानांचे मामा यंत्रांच्या प्रदर्शनाला आले. रविवारी बाईंनी केक केला आणि आम्हा सगळ्यांना कॉफीला बोलावलं. दुसरा तुकडा संपवत मामा भाच्याला म्हणाले, “ताईचा निरोप आहे. सूनबाईंना माझ्याबरोबर पाठवून दे. माहेरी राहू देत. पुढचं आम्ही बघतो.”

पुढचं म्हणजे काय, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. हे मात्र मिठाची गुळणी धरून बसले. असा संताप आला मला!

“पाहुणे काय म्हणतात?” बाईंनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी कप खाली ठेवला. “त्यांना सांगा, एका राणीला सासरचे असेच परत पाठवायला निघाले होते. बिचारी सासऱ्यापुढे रडली, म्हणून राहिली. पुढे नवरा गेला, पोरं लहान, आणि त्याच परक्या पोरीनं त्यांचं राज्य सांभाळलं. सांगा त्यांना!”

मी मराठीत सांगू लागले. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. जिला रोज शिव्या, तिचीच वकिली!

मामा गोंधळून म्हणाले, “ही राणी यांच्या नात्यातली का?”

“अगदी जवळची,” मी म्हटलं.

“खुनी होती, ते वेगळं,” बाई पुटपुटल्या आणि त्यांनी माझ्या ताटलीत केकचा मोठा तुकडा वाढला.

तेव्हा कुठे यांना कंठ फुटला. “मामा, आईला सांगा, ही इथंच राहील. माझ्याजवळ.”

मामा एकटेच परत गेले. आम्हाला मूल शेवटपर्यंत झालं नाही. पण परत जा, असं मला पुन्हा कोणी म्हणालं नाही.