भावोजींची डीवाली अंडी

माझी ताई हमरापूरला दिली. तिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात, आणि ताईची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं काम, पार पेणच्या व्यापाऱ्यांत नावाजलेली. सकाळी शेडमध्ये पाटावर बसली की दिवेलागणीलाच उठायची. पुढे पुढे कंबर धरून उठायला लागली आणि ब्रश धरलेलं मनगट थरथरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच; पावडरची पाकिटं घ्या, दुपारी उन्हात बसा. मनगट असंच राहिलं तर आखणी सुटणार होती. आणि ताईला त्या घरात मान होता तो आखणीमुळेच.

मग भावोजींनी विज्ञान हाती घेतलं. परसात त्यांच्या कोंबड्या. मोबाईलवर त्यांनी पाहिलं की कोंबड्यांवर अतिनील दिवे सोडले की डी त्यांच्या अंगात तयार होतं आणि अंड्यात उतरतं. झालं, दिवे आले आणि ताईची पाकिटं बंद झाली. "घरची डीवाली अंडी हायत, पावडर कशाला?" उन्हात बसायचा प्रश्नच नव्हता, ऑर्डरी होत्या ना!

मी ताईकडे गेले की चहाच्या आधी मला खुराडं दाखवलं जाई. जांभळट उजेडात कोंबड्या अशा ऐटीत बसलेल्या, की त्यांना अहोजाहो करावं. दिव्यांपुढे काचा. तिकडे नमुन्याची मूर्ती धूळ बसू नये म्हणून काचेच्या कपाटात ठेवतात. भावोजींनी तसल्याच जुन्या कपाटाच्या काचा दिव्यांना बसवल्या होत्या.

"पिसांची धूळ बसाय नको," ते म्हणाले. रोज फडक्याने पुसायचेसुद्धा. इतक्या मायेने ताईची कंबर कुणी चोळली असती तर दिव्यांचा खर्च वाचला असता.

ताई अंडी खात राहिली. उकडून, पोळा करून, कालवणात घालून. मनगट थरथरतच होतं. एकदा एका मूर्तीचा डोळा जरासा वर गेला आणि व्यापाऱ्याने ती परत पाठवली. त्या दिवशी ताई जेवली नाही. भावोजींनी उपाय सांगितला, "अजून एक अंडं खात जा." मला त्यांचा इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवून उठले.

पुढच्या खेपेला मी तिथे असतानाच दिवेवाला आणखी दिवे खपवायला आला. काचा बघून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, कामाचे किरण काचेतून जातच नाहीत! तुमची अंडी साधीच." वर म्हणाला, कोंबड्यांचे पाय लुळे पडतायत, आधी त्यांना रोज दुपारी तासभर उन्हात सोडा.

भावोजी हळहळले. कोंबड्यांसाठी. "उद्यापासनं सगळ्यांना आंगणात सोडायचं," लगेच हुकूम सुटला.

शेडमधून ताईचा आवाज आला, "मलाबी सोडा त्यांच्यासंगती."

मी त्याच दिवशी पेणहून पावडरची पाकिटं आणून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "कोंबड्यांसंगती तासभर उन्हात बसले गो," म्हणाली. "मी अंडं नाय घातलं, तरी कोन वरडलं नाय."