पिवळ्या दिव्यांची गाडी

महिपतराव जगदाळे रोज संध्याकाळी गाडी काढून बाहेर जातात आणि काहीही न आणता परत येतात, ही गोष्ट हरिशंकरपुरमातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. भाजी नाही, औषध नाही, देवदर्शन नाही. म्हाताऱ्याला पेट्रोल जाळायची हौस आहे, असं समोरचे शर्माजी म्हणत. शर्माजींना दुसऱ्याच्या पेट्रोलची काळजी फार.

खरं कारण एवढंच होतं की घरी परत यायचं असेल तर आधी घरातून बाहेर पडावं लागतं. महिपतरावांना रोज परत यायचं असे.

त्यांच्या पत्नी विजयाबाई गेली काही वर्षं हळूहळू सगळं विसरत चालल्या होत्या. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग अंशुल हा आपला मुलगा आहे हे. शेवटी नवराही आठवणीतून गेला. सकाळी महिपतराव त्यांच्यासमोर बसून पोहे खात, तेव्हा त्या अगदी शालीनपणे विचारत, ‘‘तुम्ही कोणाकडचे?’’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा महिपतरावांनी आपलं नाव, लग्नाचं साल, सगळं सांगून पाहिलं होतं. नंतर त्यांनी उत्तर ठरवून टाकलं. ‘‘इथलाच आहे,’’ ते म्हणत, आणि पुढचा घास घेत. दिवसभर दोघं एका घरात परक्यासारखी वावरत. दुपारी तर घड्याळसुद्धा मुद्दाम हळू चालतंय असं महिपतरावांना वाटे. एकटं राहणाऱ्या माणसाला निदान एकटं असल्याचं मोकळेपण असतं. यांना तेही नव्हतं.

मग एका हिवाळ्यात ते शहरातच हजीऱ्याला एका ओळखीच्या माणसाकडे बसायला गेले होते आणि परतताना अंधार पडला. त्यांची जुनी वॅगनार गल्लीत वळली, फाटकापाशी थांबली. दार उघडून आत जातात तो विजयाबाई दिवाणावरून उठून उभ्या! अंगात मॅक्सी होती, पदर कुठला असायला. पण खांद्यावरची शाल त्यांनी ओढून डोक्यावर घेतली होती.

‘‘आलात?’’ त्या म्हणाल्या. ‘‘किती उशीर. चाय टाकते.’’

महिपतराव उंबरठ्यातच उभे राहिले. काम करणारी रामकली स्वयंपाकघराच्या दारातून तोंडावर हात ठेवून पाहत होती. विजयाबाईंनी तिच्या मदतीने चहा केला, आलं ठेचलं, कप नवऱ्याच्या हातात दिला आणि अंशुलचं पोट बरं आहे का म्हणून विचारलं. अंशुल तेव्हा चाळिशीचा होऊन नोएडात बसला होता. पण महिपतरावांनी ‘‘बरं आहे’’ म्हटलं, आणि खरोखरच सगळं बरं होतं. अर्ध्या तासाने विजयाबाईंची नजर विझली आणि त्या पुन्हा परक्या झाल्या.

त्या दिवसापासून महिपतरावांची फेरी सुरू झाली. उन्हं उतरली की रामकलीवर घर सोपवून निघायचं, फूलबागेजवळ गाडी लावायची, शेंगदाण्याची पुडी घेऊन गाडीतच बसायचं, पुरता अंधार पडला की परत. त्या अर्ध्या तासासाठी उरलेला सगळा दिवस त्यांनी मुकाट्याने सोसायचं कबूल केलं होतं.

हे नेमकं कशामुळे घडतं, याचा त्यांनी आपल्यापुरता उलगडा केला होता. तो त्यांच्या सोयीचा होता. नहर विभागात नोकरी असताना ते दिवसभर कालव्यांवर हिंडून अंधार पडल्यावर जीपने घरी यायचे. फाटकाशी येताच खाकरायचे, कारण वडील ओसरीवर बसलेले असत आणि घरातल्या बाईला पदर सावरायला वेळ मिळावा ही त्यांच्या घराण्यातली जुनी रीत होती. दक्खनहून घोड्यावर बसून या हिंदी मुलखात आलेल्या पूर्वजांची तलवार केव्हाच कुणी नेली, पण ते खाकरणं तेवढं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. विजयाबाई आपलं खाकरणं ओळखतात, असं महिपतराव धरून चालले. आपला आवाज, आपली पावलं. माणसाला असं धरून चालायला आवडतं.

ही गोष्ट त्यांनी अंशुलला कधी सांगितली नाही. सांगायची तरी कशी? तुझी आई मला संध्याकाळी अर्धा तास ओळखते, असं मुलाला फोनवर सांगताना त्यांना लाज वाटली असती. जगदाळ्यांच्या घरात बायकोबद्दल मुलाशी असं बोलायची पद्धत नव्हती. तोंड मिटून ठेवण्याच्या या घरंदाजपणानेच पुढे घात केला.

दिवाळीला अंशुल आला. एका संध्याकाळी वडिलांना घेऊन त्यानेच गाडी चालवली आणि नाक्यापर्यंत जाईस्तोवर वैतागला.

‘‘बाबा, ही हेडलाइट आहे की निरंजन? कुछ दिखता ही नहीं. तुम्ही चालवता कसे?’’

‘‘सवय आहे.’’

‘‘सवय काय बाबा? बंपरला डेंट कशाचा आहे? डिव्हायडरला ठोकली ना?’’

 डिव्हायडरला गाडी घासली होती हे खरंच होतं. मोतीबिंदू काढल्यापासून समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड डोळ्यांत फुटायचा आणि स्वतःच्या दिव्यांचा पिवळा उजेड धुक्यात चार हातांवर संपायचा.

‘‘हॅलोजन काढून एलईडी लावून घ्या,’’ अंशुल म्हणाला. ‘‘नाहीतर मी गाडी विकून टाकतो. सीरियसली. आईचं कोण बघणार तुम्हाला काही झालं तर?’’

गाडी विकली तर फेरी बंद. ‘‘लावतो,’’ ते लगेच म्हणाले. त्यांना वाटलं, स्वस्तात सुटलो.

अंशुल गेल्यावर ते नई सडकवरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने बॉनेट उघडलं, जुने हॅलोजन काढून खोक्यात टाकले, मागे छोटा पंखा असलेले नवे एलईडी बल्ब बसवले आणि गाडी समोरच्या बंद शटरकडे तोंड करून लावली. बटण दाबताच शटर चुन्याने नुकतंच रंगवल्यासारखं पांढरं झालं. त्यावरची जुनी जाहिरात, गंज, कुणीतरी खडूने लिहिलेला नंबर, सगळं लख्ख. ‘‘देखिए बाबूजी, दिन निकल आया,’’ दुकानदार म्हणाला.

महिपतराव पोरासारखे खूश झाले. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी फूलबागेहून परतताना त्यांना गाडी चालवायची मजा आली. प्रत्येक खड्डा आधी दिसत होता. कडेला झोपलेलं कुत्रं दिसलं, गतिरोधक दिसला. अंशुलला आज फोन करून शाबासकी द्यायची, असं त्यांनी ठरवलं. गल्लीत वळताना तर शर्माजींच्या तुळशीचं पान न्‌ पान दिसलं.

त्यांनी फाटकाशी गाडी थांबवली, नेहमीप्रमाणे खाकरले आणि आत गेले. दिवाण रिकामा होता.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. बाहेर रामकली उभी होती. ‘‘बाबूजी, माताजी डर गई हैं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘रोसनी देखते ही भाग के अंदर चली गईं.’’

महिपतरावांनी दार ठोठावलं. ‘‘विजयाबाई, मी आहे. आलो मी.’’

आतून थरथरता, पण जमेल तेवढा करारी आवाज आला. ‘‘घरात पुरुष माणूस नाही. ते आल्यावर या.’’

‘‘अहो, मीच.’’

‘‘ते यायचेत अजून. नंतर या.’’

आज काही बिनसलं असेल, असं म्हणून महिपतरावांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी ते जास्त तयारीने निघाले. विजयाबाईंना आवडणारी तिळाची गजक घेतली, वेळ तीच ठेवली, फाटकाशी इतके मोठ्याने खाकरले की शर्माजींनी खिडकीतून तब्येत विचारली. आत पुन्हा कडी लागलेली. पुन्हा तेच, ते आल्यावर या. गजकेचा पुडा हातात धरून महिपतराव ओसरीच्या पायरीवर बसून राहिले आणि स्वतःच्याच घराबाहेर स्वतःचीच वाट पाहू लागले. इतकं एकटं त्यांना आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा विजयाबाई होत्या.

संपलं, त्यांना वाटलं. डॉक्टर म्हणालेच होते, हळूहळू सगळंच जाईल. तेवढा अर्धा तास राहिला होता, तोही गेला.

तिसऱ्या दिवशी ते बाहेर गेलेच नाहीत. कशाला जायचं? पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. समोर दिवाणावर विजयाबाई बसल्या होत्या, शालीच्या गोंड्यांशी खेळत. बाहेर अंधार पडला. रामकली आत कणीक मळत होती. तेवढ्यात गॅसच्या टाक्यांचा जुनापुराणा टेंपो खडखडत गल्लीत वळला. खिडकीतून त्याच्या दिव्यांचा मळकट पिवळा उजेड आत आला आणि समोरच्या भिंतीवरून हळूहळू सरकत गेला.

विजयाबाईंनी मान वर केली. हात शालीकडे गेला. शाल डोक्यावर आली.

‘‘आले,’’ त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला की महिपतरावांना त्यांचं लग्नातलं रूप आठवलं. त्या उठल्या, नवऱ्याच्या खुर्चीला वळसा घालून पुढे गेल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

टेंपो पुढे निघून गेला. त्या तशाच उभ्या.

‘‘विजयाबाई,’’ महिपतराव म्हणाले, ‘‘मी इथेच आहे.’’

त्यांनी वळून पाहिलं आणि घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, ‘‘तुम्ही बसून घ्या हं. ते येतीलच आता.’’

महिपतराव बसले. दुसरं करणार काय? आपलं खाकरणं नव्हतं, आवाज नव्हता, पावलंही नव्हती, हे आता त्यांना स्वच्छ कळलं. विजयाबाई ओळखत होत्या ते जुन्या जीपसारख्या पिवळ्या उजेडाला. उजेड भिंतीवर पडला की नवरा आला, एवढंच आयुष्यभर त्या भिंतीने त्यांना शिकवलं होतं. वाईट वाटलं, अपमानही वाटला, टेंपोचा मत्सरही वाटला. आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी जिवात जीव आला. कारण गेलेली गोष्ट दुकानात मिळण्यासारखी होती.

सकाळी नई सडकचं शटर वर जायच्या आधी महिपतराव तिथे हजर होते. जुने बल्ब भंगारात गेले होते.

‘‘नए हैलोजन डाल दो,’’ ते म्हणाले. ‘‘पीले वाले.’’

दुकानदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘बाबूजी, उल्टी गंगा बहा रहे हैं आप. कोहरे का मौसम है, उमर भी है. कुछ हो गया तो?’’

‘‘धीरे चलाऊँगा.’’

नेमका तेव्हाच अंशुलचा फोन आला. ‘‘बाबा, लाइट कशी आहे? अब दिखता है ना?’’

‘‘एकदम लख्ख,’’ महिपतराव म्हणाले. समोर दुकानदार एलईडी बल्ब काढून खोक्यात ठेवत होता. मुलाशी ते सहसा खोटं बोलत नसत, त्यामुळे आवाज जरा जास्तच खणखणीत लागला. ‘‘दिवस उगवल्यासारखं वाटतं बघ.’’

त्या संध्याकाळी धुकं होतं. फूलबागेहून निघालेली वॅगनार बैलगाडीच्या चालीने येत होती. मागच्या गाड्या भोंगे वाजवून, शिव्या घालून पुढे जात होत्या. समोरचं काही दिसत नव्हतं आणि महिपतराव स्टीअरिंगवर ओणवे होऊन रस्ता शोधत होते. भीती वाटत होती ती मरणाची नव्हती. घरी पोचण्याआधी काही होऊ नये, एवढीच.

गल्लीत वळले. पिवळा उजेड खिडकीतून आत गेला. आज त्यांनी खाकरण्याची तसदी घेतली नाही. दार लोटलं.

विजयाबाई उभ्या होत्या. डोक्यावर शाल.

‘‘आलात?’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुठे होतात इतके दिवस? कोणी निरोप नाही, काही नाही.’’

‘‘कालव्यावर अडकलो होतो.’’

‘‘चाय टाकते.’’

चहा झाला. दोघं दिवाणावर शेजारी बसली. महिपतरावांनी बशीत चहा ओतला. विजयाबाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

‘‘एक सांगायचं होतं. रागावू नका.’’

‘‘सांगा ना.’’

‘‘तुम्ही नसता तेव्हा घरात एक म्हातारे असतात. सकाळपासून. इथे बसून राहतात आणि माझ्याकडे बघतात.’’

महिपतरावांनी बशी खाली ठेवली. ‘‘काही त्रास देतात?’’

‘‘नाही हो. बोलत पण नाहीत.’’

‘‘मी उद्या सांगतो त्यांना. जातील.’’

विजयाबाई शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

‘‘नका सांगू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘परवा खिडकीतून दिसले, थंडीत बाहेर पायरीवर बसले होते, हातात काहीतरी पुडा घेऊन. मला फार वाईट वाटलं. त्यांचं कोणी नसेल. बायको वगैरे गेली असेल. राहू द्या त्यांना. जेवायला तरी मिळेल.’’

महिपतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘राहू दे. कुठे जातील ते.’’