मी खरवडलेली छाती

देवाकडे काही मागणं मी सोडून दिलं, त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. रागाने सोडलं नव्हतं. चौदाव्या वर्षी घरच्या गणपतीपुढे डोळे घट्ट मिटून एकच गोष्ट मागितली होती, पुढच्या वर्षी पुन्हा तीच मागितली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मिळाली नाही. मग वाटलं, तिकडे ऐकणारं कोणी नसावं, आणि असलंच तर एवढं किरकोळ काम त्याच्या यादीत बसत नसावं. आरतीला उभा राहायचो, टाळ्या वाजवायचो, मन कोरडं.

मागणं असं होतं, की माझी छाती इतर पोरांसारखी सपाट होऊ दे.

हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा. आजोबा मिठागरावर राबले, वडीलही राबले. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि हे मी न विचारता सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. पण आठवी-नववीत माझ्या छातीला दोन्ही बाजूंनी मांस धरलं, ते मात्र मी कुणाला सांगू शकलो नाही. बाकी अंगाने काडीच होतो. भरतीच्या पाण्यात पोरं उड्या मारायची. एकदा मीही शर्ट काढला, तर आमच्याच आळीतला दिनेश म्हणाला, "आयला, ही वैनी कुठून आली?" सगळे हसले. दिनेश मनाने वाईट नव्हता, घरी जाईपर्यंत विसरलाही असेल. पण नाव चिकटलं. "वैनी, बॅटिंग तुझी." "वैनी, पाणी आण." त्यानंतर मी खाडीत उतरलो नाही. बनियनवर बनियन, वर गडद रंगाचा शर्ट, आणि खांदे पुढे पाडून चालायची सवय. आई म्हणायची, "कुबड येईल रे तुला." कॉलेज संपल्यावर काढलेल्या फोटोत मी फाईल छातीशी गच्च धरली आहे. घरचे तो फोटो पाहुण्यांना दाखवतात आणि म्हणतात, बघा, शिक्षणाची किती माया आहे पोराला.

रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा धीर करून एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. वयात येताना पुष्कळ मुलांना होतं, काहींचं तसंच राहतं. ऑपरेशन करता येतं, पण तुमच्या तब्येतीला त्याची गरज नाही. तुमचं तुम्ही ठरवा." मी शिकलेला माणूस, सगळं समजलं. बाहेर आलो आणि खांदे पाडून एस.टी.त बसलो. समजल्याने खांदे सरळ होत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

मग लग्नाचं निघालं. मुलगी रोह्याची, नाव अर्चना, बालवाडीत शिकवते. बघण्याच्या दिवशी ती माझ्याशी मोकळेपणाने बोलली, मलाही ती आवडली. दोन्ही घरं माझ्या होकाराची वाट बघत होती. पण होकार दिला की हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे अर्धं लग्न. नवऱ्या मुलाला उघड्या अंगाने पाटावर बसवतात आणि अख्खं गाव येऊन हळद लावतं. आणि हळदीनंतरचं आयुष्य तर पुढे होतंच, तिच्यापासून काय लपवणार? मी ठरवलं, सोमवारी रोह्याला जाऊन अर्चनाला सांगायचं, शिफ्टची नोकरी आहे, इतक्यात लग्न नको. वाक्य पाठ करून ठेवलं.

आदल्या दिवशी, रविवारी, मी पेणला मामाच्या कारखान्यात होतो. मामाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. शाळेत असल्यापासून सुट्टीत मी तिथे काम करायचो, माझं कॉलेज त्याच मातीवर झालं. म्हणून नोकरी लागल्यावरही सीझनला सुट्टीच्या दिवशी जातोच. माझ्याकडे काम असायचं साच्यातून निघालेली मूर्ती कोरणीने साफ करायचं. त्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडत होती. मी मूर्तींची छाती खरवडत होतो. पोट ठेवायचो, सोंड ठेवायचो, पण छातीचा भरलेला गोलवा दिसला की कोरणी तिकडे वळायची आणि तो भाग सपाट करून टाकायची. मुद्दाम करत होतो असं म्हणवत नाही, नकळत करत होतो असंही नाही. मामा एकदा म्हणाला होता, "भाच्या, तुझे गणपती उपाशी दिसतात रे." मी हसून सोडून दिलं.

आमच्या भागात काही घरांची मूर्ती त्यांच्या स्वतःच्या पाटावर होते. आषाढातच घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून देतात, आणि त्या पाटावर त्यांचा गणपती बसवतात. तसा एक पाट दरवर्षी अष्टमीहून, म्हणजे रोह्याला नदीपलीकडून, यायचा. त्या घरची म्हातारी आजी रंग लागण्याआधी एकदा सुनेचा हात धरून यायची, ओल्या मातीला नमस्कार करून जायची. ती यायची तेव्हा मी नेमका नसायचो, म्हणून तिला पहिल्यांदाच बघत होतो. जाड चष्मा, नऊवारी, हातात काठी. सुनेने तिला मूर्तीपुढे उभं केलं. तिने मूर्तीच्या कपाळाला हात लावला, सोंडेवरून खाली आणला आणि छातीवर येऊन थांबली. हात तिथेच दोनदा फिरवला.

"कोनी केलाय ह्यो?"

"माझ्या भाच्यानी," मामा म्हणाला. "शिकलेला हाय, बी.एस्सी."

"शिकलाय व्हय. मग बाला, ह्याची छाती कुठं ठेवलीस?"

कारागीर हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "आजी, जरा रेखीव दिसावा म्हणून सपाट केली."

"सपाट? घरातली सगली गाऱ्हाणी आमी तिथं टेकवतो. आता दगडावर टेकवू काय? भर ती परत."

"अर्धी सुकली आजी. आता नवी माती धरायची नाय, चीर जाईल."

"धरंल अशी लाव. मी बसलेय."

आणि ती खरंच तिथल्या उलट्या डब्यावर बसली. सून म्हणाली, "आई, गाडी चुकेल." आजी म्हणाली, "चुकू दे गो."

सुकत आलेल्या मातीवर ओली माती अशी नुसती थापून चालत नाही. आधी जागा ओरखडावी लागते, पाणी पाजावं लागतं, मातीची पातळ रबडी लावून मग थोडी थोडी माती अंगठ्याने बसवावी लागते. मी ते करू लागलो. मला साचा बघायची गरज पडली नाही. तो आकार माझ्या हातांना माहीत होता. रोज अंघोळीला मी जो आकार न बघता साबण लावून उरकायचो, तोच मी आता देवाच्या अंगावर अंगठ्याने हळूहळू भरत होतो, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. माती भरता भरता डोळे कधी भरले, कळलं नाही. मान खाली होती, कुणाला दिसलं नाही.

माती सावकाश सुकावी म्हणून ओलं फडकं लावायच्या आधी आजीने पुन्हा हात फिरवला. "आता हाय आमचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून, "आनी तू रे, सरल उभा ऱ्हा. वाकून काय लपवतोस?"

मला वाटलं, हिने बघितलं. इतकी वर्षं जे दोन बनियनांखाली दाबलं, ते या म्हातारीने एका नजरेत बघितलं. ती सुनेचा हात धरून निघून गेली.

सोमवारी रोह्याला अर्चना बालवाडी सुटल्यावर नदीच्या पुलाजवळ भेटली. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि दुसरंच बोललो. छाती, खाडी, दिनेश, डॉक्टर, सगळं, एका दमात, तिच्याकडे न बघता.

मग तिने विचारलं, "दुखतं का?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

"मग इतके उन्हाळे दोन दोन बनियन घालून काय मिळवलंत?"

"घामोळं," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो. पण तिने लगेच हो म्हटलं नाही. "मला दोन दिवस द्या," म्हणाली, आणि ते मला बरं वाटलं. दया करणाऱ्याला दोन दिवस लागत नाहीत.

ते दोन दिवस मी लॅबमध्ये काढले, आणि कितीतरी वर्षांनी मनातल्या मनात गणपतीशी बोललो. मागितलं काहीच नाही. फक्त म्हटलं, मी सांगायचं ते सांगितलं, आता पुढे तू आहेस. बुधवारी संध्याकाळी अर्चनाचा फोन आला. "घरी हो सांगितलंय. तुम्ही मला जे सांगितलंत ते सांगितलं नाही, ते तुमचं आहे." फोन ठेवतोय तोच मामाचा आला. "भाच्या, अष्टमीवाल्यांची माती धरली बरं. एक चीर नाय." योगायोग असेल. मी वाद घालणार नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आमची तारीख निघाली. पहिल्या पत्रिकांमधली एक घेऊन मी अष्टमीला त्या आजीकडे गेलो. ओटीवर बसली होती. पत्रिका हातात दिली तर तिने ती उलटी धरली. सून म्हणाली, "त्यांना दिसत नाय हो. चार वर्षं झाली. म्हणून तर रंग लागायच्या आधी जातात, नंतर हात लावता येत नाय ना."

मी कसंबसं विचारलं, "मग आजी, त्या दिवशी मी वाकून उभा आहे असं कसं म्हणालात?"

"तुजा आवाज मातीतून यावा तसा येत होता," ती म्हणाली. "ये इकडं." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावर आणला, मग छातीवर ठेवला आणि ठेवूनच बोलत राहिली, लग्न कधी, मुलगी कुठली. मी मागे सरकलो नाही. माझ्या अंगावर त्या दिवशी एकच बनियन होतं. "आता सरल हायस," ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी पाटावर बसताना मी शर्ट काढला, मग बनियन. मांडवात क्षणभर कुजबुज झाली, मग बायकांनी गाणं धरलं. आत्याने पहिली हळद लावली. दिनेश वाटी घेऊन पुढे आला, माझ्याकडे बघितलं आणि तोंडातून जुनं निघून गेलं, "काय वैनी..." मग स्वतःच ओशाळला. मी म्हटलं, "वैनी उद्या येतेय रोह्याहून. तू हळद लाव." त्याने दोन्ही हातांनी माझ्या छातीला हळद माखली, नको तेवढी, आणि हळूच म्हणाला, "माफ कर रे." मी पाटावर ताठ बसलो होतो. हळद थंड होती.

मी शरण जाणं म्हणजे वाकणं समजत होतो. वाकून तर मी पंधरा वर्षं होतो, पण ते देवापुढे नव्हतं. जे अंग त्याने दिलं ते त्याच्यासमोर आणि माणसांसमोर उघडं करून ताठ बसता आलं, ती माझी पहिली खरी शरणागती. ऑपरेशन करायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवेन तेव्हा ते लाजेपोटी नसेल. त्याने माझं मागणं पुरवलं नाही, यासाठी आता मी त्याचा ऋणी आहे. मामाच्या कारखान्यात मी अजूनही जातो. अष्टमीचा पाट आला की ती मूर्ती मीच साफ करतो, आणि छातीपाशी आलो की कोरणी खाली ठेवून ओला अंगठा फिरवतो.