लडकूमामाची कफाडी

भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये लडकू भोईर सव्वीस वर्षं परिचर होता. मायक्रोस्कोप पुसायचे, स्लाइडी धुवायच्या, बेडकांच्या बरण्यांवरची धूळ झटकायची. पोरं त्याला लडकूमामा म्हणत. माणूस कामाला वाघ, पण एक खोड होती. 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. पत्ता विचारा, दाखला कुठे मिळतो विचारा, पाऊस कधी उघडेल विचारा, मामा उत्तर देणारच. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत धाडायचं नाही, हा त्याच्या बापाचा शिरस्ता. उत्तर बरोबर असलंच पाहिजे, असं काही बाप म्हणाला नव्हता. बायको गोदूबाई म्हणायची, "देवाला वाट इचारली तरी ह्यो सांगंल, आन् देव खाडीत जाऊन पडंल."

झाडापाल्याच्या बाबतीत मात्र मामाचा शब्द खरा असे. तो जवळच्याच दापोडा गावचा. शेताच्या बांधावर वाढलेला. म्हणून बारावीच्या पोरांची निसर्गफेरी दरवर्षी त्याच्याच मागून जायची. यंदा वैशाली मॅडम कॉलेजात नव्या होत्या, नाशिकहून आलेल्या. त्यांनी दसऱ्यानंतरचा शनिवार धरला आणि बावीस पोरं घेऊन सगळे दापोड्याला गेले. गोदामांच्या रांगेमागे थोडी भातशेती उरली होती, तिथून सुरुवात झाली.

पहिला तासभर मामाचं राज्य होतं. हा टाकळा, हा आघाडा, ही कुर्डू. तारेवर वेडा राघू, चिखलात मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची, बिळं. रुईच्या पानावरची अळी त्याने काडीने वर उचलून दाखवली तेव्हा दोन पोरी किंचाळल्या आणि मामा खूश झाला. सगळ्यांचे पेन भराभरा चालत होते.

मग वाट संपली आणि भराव आला. नव्या गोदामासाठी डंपरने कुठून कुठून माती आणून टाकली होती, आणि पावसात तिच्यावर हिरवंगार रान माजलं होतं. इथे पूर्वी चांगदेव पाटलाचं खळं होतं, मामा डोळे मिटून चालला असता. पण आता डोळे उघडे ठेवूनही त्याला काही समजेना. गुडघाभर उंचीचं एक झाड जिकडे तिकडे उगवलं होतं. तांबूस देठ, तीन-तीन पानं, बारीक पांढरी फुलं. पान चुरडलं तर कापराचा वास येई आणि मागून रॉकेलचाही. मामाने हे जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारचंही पाहिलं नव्हतं. त्याच्या शेजारचंही नाही. आपल्याच घरच्या लग्नात यावं आणि मांडवातला एकही पाहुणा ओळखू येऊ नये, तसं त्याला झालं.

"लडकूमामा, याचं नाव काय?" अक्साने विचारलं. ती वर्गातली सगळ्यात कसून लिहिणारी मुलगी, एका झाडाला वहीचं एक अख्खं पान देणारी.

बावीस पेन थांबले. नेमका त्याच वेळी मागच्या पोरांतला मितेश खोकला, आणि मामाचं तोंड आपोआप उघडलं.

"कफाडी. खोकल्यावर रामबाण. काढा करून घ्यायचा."

वैशाली मॅडमनी मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं. त्यांच्या मोबाइलने एक सांगितलं, अक्साच्या मैत्रिणीच्या, उज्माच्या मोबाइलने दुसरं, मितेशच्या मोबाइलने तर ते झाड ब्राझीलचं ठरवलं. मॅडम हसल्या. "मोबाइलचं राहू दे. स्थानिक नाव महत्त्वाचं असतं. लिहा, कफाडी."

बावीस वह्यांत कफाडी उतरली. मामाला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

संध्याकाळी मात्र चैन पडेना. एक फांदी घेऊन तो शेजारच्या रंगूबाईकडे गेला. ऐंशी वर्षांची म्हातारी, उभा जन्म रानभाज्या विकण्यात गेलेला. तिने पान हुंगलं, जिभेला लावायला गेली आणि थांबली. "ह्यो आपला न्हाय रं लडकू. मातीच्या गाडीतून आलेला हाय. ठेव तिकडं, हात धू." मामाने दोनदा हात धुतले. आपण पोरांसमोर काय बोललो आणि का बोललो, हेच त्याला कळेना.

सोमवारी लॅबमध्ये अक्सा दिसली नाही. मामाने सहज विचारलं तर उज्मा म्हणाली, "तिच्या दादीला किती वर्षांचा खोकला आहे ना, मामा. तिने शनिवारी पिशवीभर कफाडी तोडून नेली. रोज काढा देते म्हणे."

मामाच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला. मॅडमना न विचारताच तो बाहेर पडला. अक्साच्या मोहल्ल्याचं नाव ठाऊक होतं, घर ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने छातीठोकपणे डावीकडे पाठवलं, तिकडे नुसते लूमचे कारखाने निघाले. खटखटाटात ओरडून एका कामगाराला विचारलं, त्याने तितक्याच खात्रीने उलट दिशा दाखवली. दोघांपैकी एकालाही पत्ता माहीत नव्हता, हे मामाला फिरून फिरून दम लागल्यावर उमगलं. त्याला रडू यायचं बाकी होतं. म्हातारी मेली असेल तर? आणि तिला मारलं कोणी, तर कफाडीने. म्हणजे कोणी?

शेवटी एका शाळकरी मुलीने घर दाखवलं. दार अक्सानेच उघडलं. "मामा, तुम्ही? मी आधार कार्डाच्या रांगेत होते, म्हणून आले नाही." आत पलंगावर जमिला दादी बसली होती, जिवंत. हातात पेला होता आणि पेल्यातून तोच वास येत होता.

"पिऊ नका!" मामा चपला न काढताच आत घुसला. "ते औषध न्हाय. मी खोटं बोललो."

दादी हसली. "या, बसा. तुमचे उपकार आहेत, लडकूभाई. दोन रात्री शांत झोप लागली. खोकला अर्धा झाला."

मामा उभ्या उभ्या गोंधळला. अर्धा झाला? कसा झाला? म्हणजे ती खरंच कफाडी होती की काय? पण कफाडी तर कुठे नव्हतीच, त्याच्या तोंडात होती. आनंद मानावा की घाबरावं, त्याला ठरवता येईना.

"दादी, मना खरंच म्हाईत न्हाय ते काय झाड हाय."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हे शब्द बाहेर पडले, आणि दादीने ते उडवूनच लावले. "जाणती माणसं अशीच असतात. आमच्या अब्बांना एक वैदू औषध द्यायचा, नाव विचारलं की म्हणायचा, मला काय ठाऊक. नाव फोडलं की गुण जातो म्हणतात." तिने पेला ओठाकडे नेला.

मामाला क्षणात दिसलं, की एक थाप पुरे आहे. तीन दिवसांनंतर कफाडीचं विष होतं, एवढं म्हटलं की म्हातारी पेला फेकून देईल. तिचा त्याच्या थापेवर विश्वास होता, खऱ्यावर नव्हता. थाप जिभेवर आलीसुद्धा. पण समोर अक्सा उभी होती, आणि ती हेही वहीत लिहील, असं त्याला वाटलं.

"दादी, दापोडा माझा गाव. त्या खळ्यात मी रांगलो. आन् शनिवारी तिथं एक झाड मना ओलखू येईना. पोरं तोंडाकडं बघत व्हती. मना लाज वाटली. म्हनून नाव बनवलं. लाजंपायी तुमच्या पोटात काय घातलं, ते मना म्हाईत न्हाय."

दादीने पेला खाली ठेवला. अक्साने तो उचलून मोरीत ओतला, पातेलंही ओतलं, आणि मामाकडे न बघता हात धुतले.

तेवढ्यात दादीला ढास लागली. खोकून खोकून ती वाकली. उबळ थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग आता खोकल्यावर काय घेऊ, लडकूभाई?"

अडुळसा. हे त्याला नक्की माहीत होतं. त्याच्या घराच्या कुंपणालाच होता, त्याच्या आईने त्याला पाजला होता, त्याने आपल्या पोरांना पाजला होता. मामाने तोंड उघडलं. पण आपल्याला हे माहीत आहे की नुसतं वाटतंय, याची त्याला खात्रीच होईना.

"डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला, आणि दारापाशी जाऊन त्याने आता कुठे चपला काढल्या, मग आठवलं की निघायचंच आहे, तेव्हा परत घातल्या.